जोथम डनिंग आणि डुकरांचा कायदा

जोथम डनिंग आमच्या विलो फोर्डला वकिली करायला आले नव्हते. निघाले होते ऑरेगनला. पण नदीच्या उतारावर त्यांचं खेचर जे बसलं, ते उठेना. गोंजारून झालं, शिव्या देऊन झाल्या, शेपूट पिळून झालं. शेवटी डनिंग स्वतःच त्याच्या शेजारी गवतावर बसले. मी दारात उभी राहून ही गंमत बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, या गावात वकील आहे का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हे खेचर माझ्यापेक्षा शहाणं आहे."

त्या दुपारी ते माझ्या खाणावळीत जेवायला आले, आणि वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिले ते राहिलेच. बुटके, गोल, डोक्यावर केस नाहीत. आवाज मात्र असा, की पलीकडच्या काठावर चरणारी गुरं मान वर करून बघायची. सामान म्हणजे एक वळकटी, दोन सदरे आणि कायद्याचं एक जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकाचा मागचा अर्धा भाग मिसुरी नदी ओलांडताना वाहून गेला होता. त्यामुळे करारांपर्यंतचा कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि त्यापुढचा ते मनाने सांगायचे. मनाने सांगितलेलाच जास्त न्यायाचा असतो, असं वर मलाच ऐकवायचे.

मी केझाया पेल. माझा नवरा रूफस खाणावळीचे नुसते खांब उभे असताना डोंगरात सोनं शोधायला गेला. छप्पर मी घालून घेतलं, भिंती मी लिंपल्या, लोखंडी चूल नावेतून मी आणवली. रूफसचा काही पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी फारशी वाटही बघत नव्हते. गावात माझ्या जेवणघराएवढी मोठी खोली दुसरी नव्हती. म्हणून फिरते न्यायाधीश ऑर्कट घोड्यावरून आले, की कोर्ट तिथंच भरायचं. सकाळी न्याय, दुपारी जेवण.

डनिंगांचा पहिला खटला तिथंच झाला. राग्ना ट्वेट म्हणून नॉर्वेहून आलेली एक विधवा ओढ्याच्या वरच्या अंगाला जमीन कसत होती. सरकारी जमीन. ज्याने आधी घर बांधून वस्ती केली, त्याची ती व्हायची. तिच्या जमिनीवर कर्नल स्टॅनहोप बीब यांनी दावा लावला. हे कर्नल कुठल्या पलटणीत होते ते कुणी विचारलं नव्हतं, पण मिशा पलटणीच्याच होत्या. त्यांचं म्हणणं, बाई यायच्या आधीपासून त्या जमिनीवर माझं घर आहे. घर पाहिलेले तीन साक्षीदार त्यांनी उभे केले. राग्नाबाईंच्या बाजूने कुणीच नव्हतं, आणि इंग्रजी तर तिला भाकरी आणि पाऊस एवढ्यापुरतंच यायचं.

डनिंगांनी न्यायाधीशांना एकच विनंती केली. साक्षीदार एकेक करून बोलवावेत, बाकीच्यांनी तोवर स्वयंपाकघरात बसावं. मी त्यांना घेवडा निवडायला दिला. रिकामं कशाला बसायचं.

पहिला आला. डनिंगांनी विचारलं, "घर पाहिलंत?"

"डोळ्यांनी पाहिलं. आत झोपलो पण आहे."

"झकास. दार कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला. सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं."

दुसरा म्हणाला, दार पश्चिमेला. उंबऱ्यावर बसून सूर्य बुडताना बघितलाय, इतका सुंदर, की डोळे भरून आले. यावर बाकांवरची मंडळी खुसुखुसू हसायला लागली. हसू स्वयंपाकघरापर्यंत पोचलं, आणि तिसरा साक्षीदार आधीच घाम पुसत आत आला.

"दाराचं म्हणाल तर," तो चाचरत म्हणाला, "तसं काही ठरलेलं नाही."

न्यायाधीश ऑर्कट पुढे वाकले. "दाराचं ठरलेलं नाही म्हणजे?"

"म्हणजे जज्जसाहेब, बैल कुठल्या बाजूने जुंपलेत, त्यावर आहे."

मग सगळंच बाहेर आलं. घराला चाकं होती. कर्नलसाहेब ते या जमिनीवरून त्या जमिनीवर ओढत न्यायचे, साक्षीदार आत एक रात्र झोपायचे, आणि शपथेवर खरं सांगायचे की घर होतं. न्यायाधीशांचा चेहरा लाल झाला. त्यांनी गरजून विचारलं, "ते घर आत्ता कुठं आहे?"

साक्षीदार खाली मान घालून म्हणाला, "तुमच्या मेव्हण्यांच्या जमिनीवर, साहेब. सोमवारी त्यांच्या दाव्याची शपथ आहे."

सगळं कोर्ट न्यायाधीशांकडे बघायला लागलं. माझ्या चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता, त्याचा वास दारातून आत येत होता. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "जमीन ट्वेटबाईंची. सोमवारचं सोमवारी बघू. पेलबाई, वाढा आता."

राग्नाबाईंना निकाल कळला तो जमीन या शब्दावरून. तिने डनिंगांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्यांना तसंच एका हाताने जेवावं लागलं. समोर कर्नल बीब बसले होते. हरले म्हणून जेवण सोडतील, तर ते कर्नल कसले. त्यांनी मक्याच्या पावाला लोणी फासता फासता म्हटलं, "वकीलसाहेब, पुढच्या खेपेला मी तुम्हालाच नेमतो."

"नेमा की. पण घराला दार एकाच बाजूला ठेवा."

या एका खटल्याने डनिंगांचं नाव झालं. तेव्हा आमचं अजून राज्य झालं नव्हतं, नुसता प्रदेश होता. राज्यपाल वॉशिंग्टनहून पाठवलेला, आणि विधानसभा आम्ही निवडून दिलेली. आम्ही म्हणजे पुरुषांनी. पुढच्या निवडणुकीला कर्नल उभे राहिले, तेव्हा ओढ्याकाठचे शेतकरी डनिंगांकडे आले आणि तुम्हीही उभे राहा म्हणाले. डनिंगांनी आढेवेढे घेतले. फार नाही, एक कॉफी संपेपर्यंत.

दोघांची समोरासमोर भाषणं ठेवली होती गिरणीमागच्या माळावर. भर उन्हाळा. कर्नलांनी बँड आणला, झेंडे लावले, आणि बोलायला लागले ते थांबेचनात. रोमन साम्राज्यापासून सुरुवात करून ते जेमतेम कोलंबसापर्यंत आले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पोरं रडत होती, घोडे माना टाकून उभे होते. मी आणि गावातल्या बायकांनी झाडाखाली जेवण आणि सफरचंदं भरून भाजलेल्या माझ्या पाई मांडून ठेवल्या होत्या, त्यावरच्या माश्या हाकलून आमचे हात दुखायला लागले. अखेर कर्नल बसले. डनिंग उठले. लोकांनी सुस्कारा सोडला.

"मित्रहो," डनिंग म्हणाले, "कर्नलसाहेब जे बोलले त्यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते मी जेवण झाल्यावर सांगेन."

आणि टोपी घालून थेट झाडाकडे चालू लागले. सगळा माळ त्यांच्यामागून धावला. जेवण झाल्यावर भाषण ऐकायला कुणी जागं नव्हतं, पण मतं मात्र सगळ्यांनी आठवणीने दिली. कर्नल बीब मला नंतर म्हणाले, "पेलबाई, मला डनिंगने नाही पाडलं. तुमच्या सफरचंदांनी पाडलं."

त्याच वर्षी शरद ऋतूत रूफस परत आला.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटकाशी एक माणूस उभा, दाढी छातीपर्यंत, अंगावर अस्वलाचं कातडं. हसला, तेव्हा ओळख पटली. रूफस हसायला कधी कमी नव्हता. मी त्याला पोटभर जेवायला घातलं, नवराच होता. जेवण झाल्यावर त्याने हात पुसत घर न्याहाळलं, चूल न्याहाळली, खिडक्यांच्या काचा न्याहाळल्या.

"छान बांधलंय गं मी," तो म्हणाला.

"तू?"

"बायकोचं ते नवऱ्याचं. तसा कायदाच आहे. हे विकतो, आणि आपण मोंटानाला जाऊ. तिकडं सोनं नुसतं वर आलंय म्हणतात."

"तू गेला होतास तिथंही नुसतं वर आलं होतं."

"तिथलं जरा खोल गेलं," रूफस म्हणाला. त्याला माझा राग आला नाही. त्याला कधीच कशाचा राग यायचा नाही, तोच तर त्रास होता. उन्हाळ्याआधी गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाला, आणि हिवाळाभर नदीच्या खालच्या अंगाच्या गावी पत्ते खेळायला निघून गेला.

मी डनिंगांसमोर कॉफी ठेवली आणि स्पष्ट विचारलं. त्यांनी पुस्तक आणलं नाही. बायकांच्या मालमत्तेचं प्रकरण वाहून गेलेल्या अर्ध्यातच होतं, पण ते काय म्हणत होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"पेलबाई, कायदा त्याच्या बाजूला आहे. घर, चूल, कोंबड्या, कोंबड्यांची अंडीसुद्धा."

"या घराची एक फळी त्याने ठोकलेली नाही."

"माहीत आहे मला."

"मग तुमचा कायदा आंधळा आहे."

त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आंधळा आहे खरा. पण योगायोगाने त्याला वाट दाखवायचं काम या हिवाळ्यात माझ्याकडे आहे." आणि माझ्या चुलीवर हात शेकून झोपायला गेले. मला त्या रात्री झोप नाही आली. बोलायला काय जातं, असं मनात येत राहिलं.

विधानसभा भरली. राजधानी म्हणजे चिखलात उभा असलेला एक लाकडी वाडा आणि भोवती दारूची दुकानं. त्या वर्षी सगळा प्रदेश एकाच विषयावर पेटला होता. डुकरं. मोकाट डुकरं मका खायची. ज्यांची डुकरं होती, ते म्हणायचे मक्याला कुंपण घाला. ज्यांचा मका होता, ते म्हणायचे डुकरांना कुंपण घाला. या पायी भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते. डुकरांच्या समितीवर जायला कुणी तयार होईना, कारण काहीही ठरलं तरी अर्धे मतदार उलटणार. डनिंग उभे राहिले आणि म्हणाले, मी अध्यक्ष होतो. सभागृहाने त्यांचे आभार मानले. बिचारा नवीन आहे, असं म्हणून पाठही थोपटली.

त्यांनी कायदा लिहिला. डुकरं कुठल्या महिन्यात बांधायची, कुंपण किती उंच, कान कसे खुणेने कापायचे, सगळं त्यात होतं. आणि अगदी शेवटी एक कलम होतं: नवरा परगावी असताना बायकोने स्वतःच्या कष्टाने जे उभं केलं असेल, मग ते डुकराचं खोपट असो, गोठा असो, घर असो की खाणावळ असो, ते तिचंच राहील, आणि नवऱ्याला ते विकता येणार नाही.

हे त्यांनी चोरून घातलं, असं पुढे लोक म्हणाले. ते खोटं. कारकुनाने प्रत्येक शब्द मोठ्याने वाचला. कुंपणाच्या उंचीवर इतकं भांडण झालं, की एकाने शाईची दौत फेकून मारली. शेवटच्या कलमापर्यंत येईतो सगळे दमले होते, घसे बसले होते. उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या सभासदाने तेवढं विचारलं, "या शेवटच्याचा डुकरांशी काय संबंध?"

डनिंग म्हणाले, "सगळ्या डुकरांशी नाही, महाराज. काही नवऱ्यांशी आहे."

सभागृह खो खो हसलं. हसता हसताच हात वर झाले, आणि कायदा झाला. राज्यपालांना कुंपणाची उंची पसंत पडली, त्यांनी सही ठोकली. ही सगळी हकीकत मला त्या उत्तरेकडच्या म्हाताऱ्यानेच पुढे सांगितली. माझ्याकडे जेवताना. त्याला ती तेव्हाही पुरती उमगली नव्हती.

बर्फ वितळलं आणि रूफस गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक म्हणजे घोड्यांचा एक व्यापारी, चांगला मनुष्य. तो भिंतींवर टकटक करून बघत होता. मी वरच्या खोलीतल्या डनिंगांना हाक मारली. ते दाढीला लावलेल्या साबणासकट तसेच खाली आले.

"पेलसाहेब," ते रूफसला म्हणाले, "हे घर तुम्हाला विकता येणार नाही."

"का बरं?"

"डुकरांच्या कायद्यामुळे."

रूफस गोंधळला. "पण मी डुकरं कुठं विकतोय?"

मग डनिंगांनी शेवटचं कलम म्हणून दाखवलं. अर्ध्या तोंडावर साबण, पण आवाज असा, की व्यापाऱ्याने टोपी काढली. रूफसने दोनदा ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी चिडेल. तो खुर्चीत बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"म्हणजे केझाया, मी डुकरांच्या कायद्यात सापडलो?"

"सापडलास खरा."

"आणि मोंटानाला येणार नाहीस?"

"नाही, रूफस."

"ठीक आहे. पाई तरी बांधून देशील वाटेसाठी?"

मी दिली. एक नाही, टोपलीभर दिल्या. तो वळणावरून हात हलवत गेला. मी फाटकाशी उभी होते. पाठमोरा दिसेनासा झाल्यावर मी आत आले, आणि माझ्या चुलीला टेकून थोडी रडले. दुःख नव्हतं. मग डोळे पुसून स्वयंपाकाला लागले. व्यापारी मात्र जेवायला थांबला आणि नंतर माझं कायमचं गिऱ्हाईक झाला.

शेवटच्या कलमाची बातमी प्रदेशभर फुटली, तेव्हा पुरुष मंडळींचं पित्त खवळलं. डनिंगांना लोक डुक्करवकील म्हणू लागले. त्यांच्या पाटीवर कुणीतरी झगा घातलेलं डुक्कर काढलं. ते त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते पुसू दिलं नाही. पण निवडणुकीत पडले. कर्नल बीब निवडून आले, तेही हे कलम मोडून काढतो अशी माळावर शपथ घेऊन. मी आमच्या गावातल्या पुरुषांना आठवडाभर नुसता घेवडा वाढला. डनिंग म्हणाले, "पेलबाई, मलाही घेवडाच? मी तर कुणाला मत दिलं नाही, मला मिळालीसुद्धा नाहीत."

कर्नल राजधानीला गेले, पूर्ण मुदत बसले आणि त्या कलमाचं नावही न काढता परत आले. त्यांची बायको क्लॅरिसा ते दौऱ्यावर असताना टोप्यांचं दुकान चालवायची, आणि एव्हाना ते दुकान कर्नलांच्या सगळ्या जमिनींपेक्षा जास्त चाललं होतं. डनिंगांनी त्यांना गाठून विचारलं, "कर्नलसाहेब, शपथेचं काय झालं?"

"शपथेला चाकं होती," कर्नल म्हणाले. "आणि मला घरी जेवायचं असतं."

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. एकाच खोलीत दोन टेबलं टाकून वकिली करायचे, दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे सोंगट्या खेळायचे.

पुढे आमचं राज्य झालं. डनिंग वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी उभे राहिले. रेल्वे आली होती, त्यामुळे सगळ्या राज्यात भाषणं करता आली, आणि सगळ्या राज्यात पडता आलं. निकालाच्या दिवशी मी काळजीत होते. डनिंग घरी आले, भूक मेलेली नव्हती. म्हणाले, "बरं झालं. वॉशिंग्टनला जेवण वाईट असतं म्हणे." पण दुसऱ्या दिवशी नदीकाठी बराच वेळ एकटेच बसले होते. मी हाक मारली नाही. माणसाला थोडं दुःख करू द्यावं.

नंतर लोकांनी त्यांना जिल्ह्याचा न्यायाधीश केलं, आणि त्या खुर्चीवर ते दीर्घकाळ राहिले. त्यांचे निकाल आखूड असायचे. कुंपणाच्या भांडणात दोघा शेजाऱ्यांना त्यांनी एकत्र कुंपण घालायला लावलं होतं, आणि ते पूर्ण होईतो कोर्ट तिथंच शेतात भरवलं होतं. वरच्या कोर्टाने त्यांचे पुष्कळ निकाल फिरवले. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की वरच्या कोर्टाकडे अख्खं पुस्तक आहे.

रूफस मोंटानात तापाने गेल्याचं कळलं, त्याला वर्ष झाल्यावर डनिंगांनी मला मागणी घातली. मी पिठात हात घालून उभी होते.

"लग्न झालं तरी खाणावळ माझीच राहील," मी म्हटलं.

"ती राहणारच. कलम मीच लिहिलंय."

"पण त्यात नवरा परगावी असताना, असं आहे. तुम्ही तर इथंच असणार."

त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल, तर मी अधूनमधून परगावी जात जाईन."

मी हसले, आणि हो म्हटलं. लग्न कर्नलांच्या अंगणात लागलं. क्लॅरिसाने माझी टोपी केली, त्यावर इतकी पिसं होती की पाद्रीबुवांना शिंका यायला लागल्या. लग्नानंतरही हे मला पेलबाईच म्हणायचे. तोंडातली सवय जाता जाईना, आणि मीही ती मोडली नाही.

म्हातारपणी न्यायाधीशाची खुर्ची सुटली, तरी निवडणुकीची खोड सुटली नाही. शाळेच्या मंडळाची निवडणूक लागली, हे लगेच उभे. समोर लाव्हिनिया स्ट्राउड, शाळेत शिकवणारी तरुण बाई. तोवर आमच्या राज्यात बायकांना शाळेपुरतं मत मिळालं होतं, आणि मत द्यायला पडद्याआड जायची पद्धतही आली होती. मी काळा कोट घालून गेले, आत बराच वेळ उभी राहिले, कागदाचा वास घेतला, खूण केली आणि बाहेर आले. लाव्हिनिया निवडून आली, चांगल्या फरकाने.

घरी येताना हे काठी टेकत शेजारून चालत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पेलबाई, तुम्ही कुणाला दिलंत मत?"

"लाव्हिनियाला."

"का?"

"वर्गात दुसरी शेगडी हवी, असं ती म्हणते. तुम्ही म्हणता, मुलांनी धावून ऊब आणावी."

ते चालता चालता थांबले, विचार केला, आणि मान डोलवली. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले. "भाषणात कुणी सांगितलं असतं, तर मीही तिलाच दिलं असतं." मग माझा हात धरला आणि आम्ही जेवायला घरी गेलो.